पोत्यांचे पहारेकरी

सोमालियाचे नाव निघाले की आपल्या चर्चासत्रांत ‘ब्लॅक हॉक डाउन’ (२००१) हा चित्रपट हटकून येतो. त्यात दुष्काळ प्रास्ताविकापुरता; उरते ती ऑक्टोबर १९९३ ची चकमक आणि १८ अमेरिकन सैनिकांचे मरण. मग कुणी म्हणतो, भुकेल्यांकडे फौज धाडणे हा साम्राज्यवाद. कुणी म्हणतो, ती माणसेच कृतघ्न. दोन्ही मते आम्हांस आळशी वाटतात.

फौज हवीच होती. १९९२ मध्ये मोगादिशूच्या बंदरात उतरलेले धान्य टोळ्या लुटत होत्या, कारण दुष्काळात धान्य हाच पैसा आणि त्यावरच बंदूकधारी पोसले जातात. मदतसंस्थांनाही बंदूकधारीच पगारावर ठेवावे लागले. कुंपणालाच शेताची राखण! त्या सप्टेंबरात आलेले ५०० पाकिस्तानी शांतिसैनिक विमानतळावर अडकून पडले. युनोचे दूत महंमद साहनून टोळीप्रमुखांशी आणि जमातींतील वडीलधाऱ्यांशी बोलून वाट काढू पाहत होते. युनोच्या दिरंगाईवर ते उघड बोलले आणि ऑक्टोबरात पदावरून गेले. ९ डिसेंबरला अमेरिकन फौज उतरली, तेव्हा किनाऱ्यावर कॅमेरे आधीच हजर होते. बैदोआतील मृत्यूंचा कळस तोवर होऊन गेला होता. रस्ते खुले झाले आणि त्यामुळे कित्येक जीव वाचले, हे नाकारणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल.

आमचा आक्षेप निराळा आहे. या फौजेने राखण केली ती पोत्यांची. टोळ्यांना निःशस्त्र करावे असा युनोचे सरचिटणीस बुत्रोस-घाली यांचा आग्रह होता. अमेरिकेने ते काम अंगावर घेतले नाही. म्हणजे वाटपाच्या रांगेत माणूस सुरक्षित आणि घरी परतल्यावर पुन्हा टोळीच्या ताब्यात. अँड्र्यू नात्सिओस या अमेरिकन मदत-अधिकाऱ्याचा विचार अधिक शहाणा होता : व्यापाऱ्यांना धान्य विकून बाजारात इतके ओतावे की भाव कोसळावा आणि लुटीत राम उरू नये. पण कोसळत्या भावाचे छायाचित्र निघत नाही.

५ जून १९९३ रोजी २४ पाकिस्तानी शांतिसैनिक मारले गेले. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेने दोषींच्या अटकेचा ठराव केला, त्यातून जनरल ऐदीद यांचा पाठलाग सुरू झाला आणि पहारेकरी स्वतःच एक पक्ष होऊन बसला. मार्च १९९५ मध्ये युनो सोमालियातून बाहेर पडली.

बैदोआत भारतीय तुकडीही होती. ऑगस्ट १९९४ मध्ये तिचे सात जवान आणि तीन डॉक्टर तिथे मारले गेले. त्यांच्याविषयी एकही मराठी कथा आमच्या वाचनात नाही. सोमाली बाजू ऐकायची तर नुरुद्दीन फराह यांची ‘लिंक्स’ ही कादंबरी आहे. ती या फौजा निघून गेल्यानंतरच्या मोगादिशूत घडते. चित्रपटाचा हवाला देणाऱ्या आमच्या प्राध्यापक मित्रांनी ती आधी वाचावी, मग कृतघ्नतेविषयी बोलू.