शिक्षेआधीचा एक प्रश्न

कोपर्डी खटल्यात नगरच्या सत्र न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघांना दोषी ठरवले. फाशीची शिक्षा सुनावली ती मात्र २९ नोव्हेंबरला. सावेडीत काय किंवा कर्जतमध्ये काय, मधल्या दिवसांत पडणारा प्रश्न साहजिकच होता : गुन्हा शाबीत झाला, मग आता थांबायचे कशासाठी? त्या मुलीला कोणी काही विचारले होते का?

हा संताप खोटा नव्हे. पण थांबण्याचे कारणही तितकेच खरे आहे. गुन्हा केला का, हा एक प्रश्न. शिक्षा किती, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुराव्यात मिळते. दुसऱ्यासाठी आरोपीचे वय, परिस्थिती, पूर्वीची वागणूक, सुधारण्याची शक्यता पाहावी लागते. खटल्याच्या पुराव्यात यातले फारसे येतच नाही. म्हणून १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २३५(२) आले : दोषी ठरल्यावर शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकावे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. आणि ही संधी एकट्या आरोपीची नसते. कोपर्डी खटल्यात सरकारी पक्षाच्या वतीने उज्ज्वल निकम यांनी फाशीची मागणी मांडली, ती याच टप्प्यावर.

ही रीत आपल्याला अनोळखी नाही. २२ जुलै १९०८च्या रात्री ज्यूरीने लोकमान्यांना दोषी ठरवले, तेव्हा न्या. दावर यांनी शिक्षेआधी काही सांगायचे आहे का, असे विचारलेच. लोकमान्यांनी आपण निर्दोष असल्याचे थोडक्यात सांगितले. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा काही टळली नाही. पण ते शब्द मुंबई उच्च न्यायालयाच्या भिंतीवर आज कोरलेले आहेत.

तरीही ही सुनावणी कित्येकदा उपचार म्हणून उरकली जाते. ‘काही सांगायचे आहे?’ ‘दया करा.’ संपले! १९७६ साली संतासिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी कायम ठेवली, पण शिक्षेबाबत ऐकून घेतले नव्हते म्हणून फाशी रद्द करून प्रकरण परत पाठवले. पुढच्याच वर्षी मानवत खून खटल्यात न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी स्पष्ट केले की, दर वेळी खटला परत पाठवायला नको, वरचे न्यायालयही ही उणीव भरून काढू शकते. पण ऐकणे मात्र टाळता येणार नाही.

घाईचा भुर्दंड शेवटी कोणाला पडतो, हेही पाहू या. न ऐकता दिलेली शिक्षा वर टिकत नाही; मग पुन्हा तारखा, पुन्हा वकील, पुन्हा त्याच आठवणी. लेक गमावलेल्या आईबापांच्या वाट्याला ही फरफट येऊ नये असे वाटत असेल, तर खालच्या न्यायालयातले ते चार दिवस आपण धीराने घ्यायला हवेत.