छप्पर घरच्यांचं, पुढची २५ वर्षं तुमची

सोलापूरच्या उन्हावर आपण मीम्स भरपूर केले. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की स्टेटसला तापमानाचा स्क्रीनशॉट ठरलेला! पण याच उन्हातून घरच्या धंद्याचं वीज बिल किती कमी होईल, हा हिशेब आपल्यापैकी किती जणांनी मांडलाय?

तुमच्यापैकी कुणाचं नवी पेठेत कापडाचं दुकान असेल, कुणाचा पूर्व भागात यंत्रमागाचा कारखाना, कुणाचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत छोटं युनिट, तर कुणाच्या आईचा शेंगा चटणीचा व्यवसाय. तिथल्या छपरावर सोलर बसवायचं की नाही, याची चर्चा घरात कधी ना कधी होतेच. आणि त्या वेळी आपण शेजारच्या खोलीत रील्स बघत असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, त्या चर्चेत तुम्ही बसलंच पाहिजे.

कारण साधं आहे. सोलर पॅनेल साधारण २५ वर्षं चालतं. आज बाबा पन्नाशीत असतील, तर ते पॅनेल म्हातारं होईपर्यंत बाबा पंचाहत्तरीचे होतील. म्हणजे चेकवर सही त्यांची असली, तरी त्या निर्णयासोबत राहायचंय तुम्हाला.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, दहावीपर्यंतचंच आहे. एक किलोवॉटचं सोलर आपल्याकडे वर्षभराची सरासरी काढली तर दिवसाला साधारण ४ युनिट वीज देतं. समजा, एका दुकानावर १० किलोवॉट बसवलं. महिन्याला झाली १,२०० युनिट. व्यापारी ग्राहकाला वीज घरगुती ग्राहकापेक्षा महाग पडते. वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क सगळं धरून युनिटमागे १२ रुपये पडतात असं मानू. महिन्याला वाचले १४,४०० रुपये, वर्षाला १ लाख ७२ हजार ८००. बसवायचा खर्च ६ लाख धरला, तर साडेतीन वर्षांत पैसे वसूल. पुढची वीस-एकवीस वर्षं जवळजवळ फुकट वीज. मध्ये एखादा इन्व्हर्टर बदलावा लागेल आणि पॅनेलवरची धूळ मात्र नियमित पुसावी लागेल.

आकडे धरून चाललेले आहेत, तुमच्या बिलात वेगळे असतील. पण ‘सबसिडी नाही, मग कशाला?’ या घरोघरी ऐकू येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान मिळतं, ते घरासाठी. दुकानाला, कारखान्याला ते नाही. तरीही फायदा होतो, कारण दुकानाचं वाचलेलं युनिट बहुतेक वेळा घरच्या युनिटपेक्षा महाग असतं.

मग सगळ्यांनी उद्याच बसवावं का? नाही. सोलर विकायला येणारा माणूस एक प्रश्न बहुतेक वेळा विचारत नाही, तो तुम्ही विचारायचा: तुमची वीज नेमकी कधी वापरली जाते?

ग्रिडला जोडलेल्या सोलरमध्ये बॅटरी नसते. दुपारी तयार झालेली वीज आधी तुमच्या दुकानात वापरली जाते, उरली तर महावितरणच्या तारेत जाते. नेट मीटर दोन्ही बाजू मोजतं. गेलेली युनिट तुमच्या वापरातून वळती होतात आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेली युनिट महावितरण विकत घेतं, पण कमी दराने. त्यातच केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलले. दिवसाच्या उन्हाच्या तासांत वीज स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत महाग. १० किलोवॉटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी हे १ एप्रिल २०२४ पासून लागू करायचं ठरलं. दिवसाची युनिट रात्रीच्या वापरात वळती करायची की नाही, यावर आपल्या राज्यातही बराच वाद झालाय.

म्हणून वरचंच गणित पुन्हा करू. समजा, त्या १,२०० युनिटांपैकी निम्मीच दिवसा वापरली आणि उरलेल्यांना युनिटमागे ३ रुपयेच मिळाले. मग महिन्याची बचत ९ हजारांवर येते आणि ६ लाख वसूल व्हायला साडेपाच वर्षं लागतात. पॅनेल तेच, ऊन तेच, दोन वर्षांचा फरक फक्त वेळेमुळे पडला.

सकाळी दहा ते संध्याकाळी सहा चालणारं ऑफिस, पिठाची गिरणी, क्लिनिक, एसी लावलेलं साड्यांचं दुकान, यांच्यासाठी सोलर म्हणजे सोनं आहे. पण ज्या अभ्यासिकेत तुम्ही रात्री बारापर्यंत एमपीएससीचा अभ्यास करता, तिथला हिशेब वेगळा. यंत्रमागवाल्यांनी तर दोनदा विचार करावा. एक म्हणजे रात्रपाळी असते. दुसरं, सरकार त्यांना वीजदरात सवलत देतं, त्यामुळे वाचलेलं युनिट तेवढं महाग नसतं. त्यांनी बसवू नये असं नाही, दिवसपाळीला पुरेल एवढंच बसवावं. ‘छपरावर जागा आहे तेवढं भरून टाका’ हा सल्ला ऐकू नका.

आणखी दोन गोष्टी कानावर असू द्या. लाइट गेली की हे सोलरही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला शॉक बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. म्हणजे जनरेटर लगेच विकू नका. दुसरं, बिलातला स्थिर आकार सोलरमुळे जात नाही. ‘बिल शून्य’ असं कुणी म्हणालं तर बिलातली ती ओळ त्यांच्यापुढे धरा.

कॉमर्सवाल्यांसाठी खास: सोलरवर घसारा ४० टक्के मिळतो. ६ लाखांवर पहिल्या वर्षी २ लाख ४० हजार नफ्यातून वजा. पण त्या वर्षात ते १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं, तर घसारा निम्माच. म्हणजे मार्चमध्ये घाईने बसवण्यापेक्षा सप्टेंबरच्या आत सुरू केलेलं बरं. अंदाजित उत्पन्नावर कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला मात्र हा वेगळा फायदा मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तो दिलासा सगळ्यांनाच.

आपल्यातले कितीतरी जण डिग्री झाली की पुण्याची गाडी पकडतात. ‘इथे धंद्यात काही उरत नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. सुताचा भाव आपल्या हातात नाही, गिऱ्हाईक ऑनलाइन जातंय तेही नाही. विजेचा खर्च ही त्यातल्या त्यात अशी एक गोष्ट आहे, जी आज नीट हिशेब करून पुढच्या २५ वर्षांसाठी बऱ्यापैकी बांधून ठेवता येते. तुम्ही पुण्याला जा, नाहीतर इथे राहा. दुकान चालू राहावं असं तर वाटतं ना?

मग या रविवारी एवढं करा. मागच्या १२ महिन्यांची बिलं मागा. मंजूर भार किती, महिन्याला युनिट किती आणि दिवसा किती वापर, हे तीन आकडे वहीत लिहा. शेवटचा आकडा सगळ्याच बिलांवर नसतो. तो काढायला एक दिवस सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला मीटरचा फोटो काढा. एवढं हातात असलं की कोटेशन घेऊन येणाऱ्याशी घरातलं सगळ्यात लहान माणूससुद्धा बरोबरीने बोलू शकतं.