डोक्याला मार लागलेल्या मजुरावर नजर कोण ठेवणार?

परांचीवरून पडलेला बांधकाम मजूर सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात आणला जातो. डॉक्टर त्याला तपासून पुढच्या रुग्णाकडे वळतो. त्यानंतर त्याच्याजवळ उरते ती सिस्टर. डोक्याच्या माराचे खरे स्वरूप पुष्कळदा पहिल्या तपासणीत कळत नाही. रुग्ण शुद्धीवर येतो, बोलतो, पाणी मागतो. पण कवटीच्या आत रक्त साचत गेले तर काही तासांत पुन्हा बेशुद्ध होतो. हा बदल वेळीच टिपला तर शस्त्रक्रियेने त्याचा प्राण वाचू शकतो.

त्यासाठी १९७४ साली ग्लासगोच्या दोन मेंदूशल्यविशारदांनी एक साधी मोजपट्टी जगाला दिली. रुग्ण डोळे उघडतो काय, नीट बोलतो काय, सांगितल्याप्रमाणे हातपाय हलवतो काय, याचे गुण मांडायचे. १५ गुण म्हणजे पूर्ण शुद्ध. ८ किंवा कमी म्हणजे प्रकृती गंभीर. सुरुवातीला दर अर्ध्या तासाने ही नोंद घ्यायची. सोबत नाडी, रक्तदाब, श्वास आणि बॅटरीच्या उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या तपासायच्या. गुण घसरले, एक बाहुली मोठी दिसली, की डॉक्टरला तातडीने बोलवायचे. याला महागडे यंत्र लागत नाही. लागते शिकलेली सिस्टर आणि तिच्या हाती वेळ.

नेमका हा वेळच तिच्याकडून हिरावून घेतला जातो. एका सिस्टरच्या माथी अख्खा वॉर्ड मारल्यावर अर्ध्या तासाची नोंद ती कशी ठेवणार? मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिका खासगी कंत्राटदारामार्फत भरती करण्याच्या विरोधात संपावर गेल्या. तो लढा त्यांच्या नोकरीइतकाच रुग्णांच्या जिवाचाही होता.

गरिबाला आणखी एक धोका असतो. तोंडाला दारूचा वास आला, कपडे मळके दिसले, की ‘बेवडा आहे, झोपू द्या’ असा शेरा मारला जातो. गुंगी दारूची की रक्तस्रावाची, हे वासावरून ठरत नाही. उलट अशा रुग्णावर अधिक कडक नजर हवी. कपड्यांवरून माणसाची किंमत ठरवण्याची सवय कोठून आली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

१९९२ साली पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या २१व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची चणचण ही सबब सरकारला सांगता येणार नाही.

मग रुग्णाला दारातून आत घेऊन खाटेवर बेवारस सोडणे, हा त्याच हक्काचा भंग नव्हे काय? अपघात विभागातील परिचारिकांची रिक्त पदे कायमस्वरूपी भरा, त्यांना डोक्याच्या माराचे प्रशिक्षण द्या, ही आमची मागणी आहे. कार्यकर्त्यांनीही जखमीला पोहोचवून लगेच परतू नये; अर्ध्या तासाची नोंद होते की नाही, हे सिस्टरला आदराने विचारावे आणि ती एकटी असेल तर जाब अधीक्षकाला विचारावा.