स्पिनरचा अंगठा

भांड्यांच्या दुकानात एकात एक रचून ठेवलेली चकचकीत पातेली एका सपाट चकतीतून, एकही सांधा न देता आकाराला येतात. त्यांतील कित्येक मोठ्या दाबयंत्रावर नव्हे, तर लेथवर माणसाच्या हातांनी घडतात. हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसले तर नवल नाही. कामगार चळवळीलाही ते फारसे ठाऊक नसावे, ही मात्र खेदाची बाब आहे.

या कामाला स्पिनिंग म्हणतात. ॲल्युमिनियमची, तांब्याची वा पितळेची चकती फर्म्यावर मागून घट्ट दाबून धरतात आणि दोन्ही एकत्र वेगाने फिरवतात. कारागीर लांब दांड्याचे हत्यार काखेत धरून, अंगाचा भार देत, धातू थोडाथोडा फर्म्यावर लोटत नेतो. घाई झाली की काठाला सुरकुत्या पडतात. एकाच जागी रेटले की पत्रा पातळ होऊन फाटतो. धातू ताठर झाल्याचे हाताला कळावे लागते, मग तो तापवून मऊ करायचा आणि पुन्हा चढवायचा. स्टेनलेस स्टीलला तर जोर कितीतरी अधिक लागतो.

दाबयंत्राला पोलादी साच्यांची जोडी लागते व तिचा खर्च हजारो नगांवर वाटला तरच परवडतो. स्पिनिंगला एक फर्मा पुरतो. म्हणून थोडक्या नगांची मागणी घेणाऱ्या, तुटपुंज्या भांडवलाच्या मालकाला ही पद्धत सोयीची पडते. साच्यात न घातलेले भांडवल अशा रीतीने नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराच्या खांद्यातून आणि पाठीतून वसूल होते. हिशेबाच्या वहीत या झिजेची नोंद कोठेच नसते.

धोका उघड आहे. फिरत्या चकतीचा काठ सुरीसारखा असतो, आणि ती निसटली तर समोर माणूसच असतो. ‘हातमोजे घाला’ हा उपदेश येथे निरुपयोगी, किंबहुना घातक आहे, कारण फिरते यंत्र मोज्यासकट हात ओढून घेते. हवी असते ती आडोशाची जाळी आणि चकती नीट पकडणारी यंत्रणा. परंतु ती पाहायला येणार कोण? १९४८ च्या कारखाने कायद्याने वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी १० कामगारांची मर्यादा घातली होती. २०२० च्या संहितेने ती २० केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. सहा-आठ लेथांचा गाळा आधीच काठावर होता, तो आता पुरता बाहेर गेला.

भरपाईचे गणित तर अधिकच विचित्र आहे. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टानुसार अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के घटली असे धरले जाई, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के. हा तक्ता कारकुनाला आणि स्पिनरला एकाच मापाने मोजतो. अंगठा गमावलेल्या स्पिनरला हत्याराची पकड येत नाही. उरलेले ७० टक्के त्याने कोणत्या लेथवर कमवायचे? डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेला सुतार पूर्णतः अपंग झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच मानले होते. तक्त्यापलीकडे जाऊन त्या माणसाचा धंदा पाहण्याचा तो मार्ग स्पिनरसाठीही मागितला पाहिजे.

त्यासाठी पुरावा लागतो, आणि गाळ्यात ना हजेरीपट असतो ना मजुरीची पावती. तेव्हा भाईंदरसारख्या भांड्यांच्या वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी निवेदनाचा मसुदा करण्याआधी प्रत्येक कारागिराची साधी वही सुरू करावी: तारीख, नग, गाळा, दर. अपघात झालाच, तर भरपाईच्या अर्जाला जोडायला ती उपयोगी पडेल.