पालथं करून बघा

मावशीच्या साठीला मी तिला स्वतःच्या हातचं पेंडंट दिलं. तांब्याची तार, मध्ये हिरवा अकीक, भोवती तारेची वेटोळी. दोन रात्री जागून केलेलं. तिने ते लगेच पैठणीवर घातलं. पहिली पंगत बसेपर्यंत सगळं झकास चाललं होतं. मग ती कुणाला तरी आग्रहाची जिलबी वाढायला वाकली आणि सरळ होताना पदराचा एक रेशमी धागा पेंडंटबरोबर वर आला. चांगला वीतभर. मावशी रागावली नाही. तिने पेंडंट काढलं, पालथं केलं, तारेच्या उघड्या टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "पुढून छान झालंय गं."

ते 'पुढून' मला अजून ऐकू येतं.

महिन्याभरापूर्वी या सदरात तारेच्या दागिन्यांचा ओझरता उल्लेख केला, तेव्हापासून पत्रं येताहेत. तार कोणती घ्यावी, पक्कड कोणती, मणी कुठले, विकायला काढले तर भाव काय लावावा. तारेच्या टोकाचं काय करायचं, हे मात्र एकानेही विचारलेलं नाही. मीही तेव्हा विचारलं नव्हतं.

आधी तार. साताऱ्याच्या एक बाई चांदीच्या तारेपासून सुरुवात करणार आहेत. करू नका. पहिले दोन महिने जे काही वळाल ते भंगारात जाणार आहे, ते तांब्याचं असलेलं बरं. पंख्याच्या आणि पंपाच्या मोटारी रिवाइंडिंग करून देणाऱ्या दुकानात तांब्याची तार वजनावर मिळते. 20 नंबरची 100 ग्रॅम घेतलीत तर साधारण 17 मीटर भरते, म्हणजे चुका करायला भरपूर. जुन्या मोटारीतून उपसलेली घेऊ नका, नवी मागा. या तारेवर व्हार्निशसारखा पातळ थर असतो, त्यामुळे ती लवकर काळी पडत नाही. पण पक्कड जोरात दाबली की थर खरवडला जातो आणि तेवढाच पट्टा पुढे काळपट दिसू लागतो. तो पट्टा बघून कळतं की आपण तार वळवत नाही, आवळतोय.

नंबरावरून डोंबिवलीच्या एका मुलीची अगदी खरी तक्रार आहे. व्हिडिओत सांगितला तोच नंबर आणला, तोच मणी आणला, तरी तार भोकातून जात नाही. बाई गं, तुझं काही चुकलेलं नाही. तारेच्या जाडीचे दोन हिशेब आहेत, एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन. नंबर वाढला की तार बारीक होते हे दोन्हीकडे सारखं, पण आपल्या दुकानात ब्रिटिश हिशेब चालतो आणि व्हिडिओत बहुधा अमेरिकन. 20 नंबर म्हणजे आपल्याकडे 0.91 मिलिमीटर, त्यांच्याकडे 0.81. कागदावर हा फरक काहीच नाही, मोत्याच्या भोकात तोच सगळा फरक. दुकानात नंबर सांगू नका, मिलिमीटर सांगा. त्याहून सोपं म्हणजे मणी बरोबर घेऊन जा आणि तार तिथेच ओवून बघा. दुकानदार हसतो. हसू दे.

तार तुटते, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. वळवली, पटलं नाही, सरळ केली, पुन्हा वळवली, की तिसऱ्या-चौथ्या खेपेला कट्! धातू वळवला की तिथे कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीत हे उघड्यावर चाललेलं बघायला मिळतं. भांडं ठोकता ठोकता पत्रा ताठरतो, मग त्याला भट्टीत लालसर तापवून पुन्हा मऊ करतात. शेवटी जे मठारकाम करतात, ते चकाकणारे ठोके, ते नुसते शोभेचे नसतात. त्यांनीच भांड्याला ताठपणा येतो. आपणही कानातल्याचा आकडा वळून झाला की लोखंडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने चार ठोके द्यावेत. मग तो रोज काढला-घातला तरी फाकत नाही. पण मधेच चूक सुधारायला तार उलटी वळवणं मात्र टाळा. तो तुकडा बाजूला ठेवा, नवा घ्या. 17 मीटर त्यासाठीच आहेत.

आता कडी. मण्यातून तार वर काढा आणि मण्याच्या डोक्यावर दोनेक मिलिमीटर मान सोडून सपाट पकडीने काटकोनात वाकवा. मान विसरलात तर पुढे वेढे घालायला जागाच उरत नाही. मग गोल तोंडाच्या पकडीने त्या कोपऱ्यातच धरून तार वरून घेऊन खाली आणा. कडी तयार झाली की ती सपाट पकडीत आडवी धरा आणि उरलेल्या टोकाने मानेभोवती अडीच-तीन वेढे घाला, एकाला एक चिकटून, मण्यापर्यंत. सुरुवातीला वेढ्यांमध्ये फटी राहतात. कारण आपण तार ओढायच्या ऐवजी ढकलत असतो.

आणि इथे ते टोक येतं. कटरने तार कापली की तिची एक बाजू सपाट कापली जाते आणि दुसरी छिन्नीच्या धारेसारखी होते. कटर हातात उलटसुलट करून बघा, त्याची एक बाजू सपाट दिसेल. ती सपाट बाजू दागिन्याकडे हवी. मी कित्येक महिने कटर उलटा धरत होते आणि मग कानशीने घासत बसत होते. कापल्यावर टोक पकडीच्या अणीने दाबून मानेला बसवायचं, तेही मागच्या अंगाला, पण त्वचेकडे नव्हे. शेजारच्या वेढ्याच्या खाचेत. मग जुनी मलमलची ओढणी घेऊन दागिना तिच्यावरून चारी दिशांनी फिरवायचा. बोटाला लागत नाही ते मलमलीला लागतं. अडकलं, तर काम बाकी आहे. (कापलेले तुकडे फार लांब उडतात. खाली सतरंजीवर बसून काम करत असाल तर मोठ्या ताटात हात ठेवून कापा. नाहीतर रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस तुकडा कुठे गेला ते ओरडून सांगतो.)

हे सगळं आपल्याला परकं आहे असं मुळीच नाही. काळे मणी सोन्याच्या तारेत गाठवलेलं मंगळसूत्र म्हणजे याच कड्यांची रांग. एखादी कडी फाकली की सोनाराकडे नेतात, आणि घरात ते 'तुटलं' म्हणायचीही सोय नाही, 'वाढलं' म्हणायचं. नथीतही बारीक तारेत एकेक मोती घेऊन तो जाड तारेवर वेढे घालून बसवतात. चांगली नथ हातात आली की तिची नाकाकडची बाजू बघा. मोत्यांचा थाट पुढे, कारागिराची अब्रू मागे.

अंग हिरवं होतं का? होतं. घाम आणि तांबं यांचं ते जमतंच, पितळेतही तांबंच असतं. ते धुतलं की जातं. पण कानाच्या भोकात जाणारा आकडा तांब्याचा नको, वाइंडिंगच्या तारेचा तर नकोच. तेवढा तुकडा 925 चांदीचा घ्या. तांबं लिंबू-मिठाने झक्क निघतं, फक्त त्यात खरा मोती असेल तर लिंबाला हात लावू नका, आंबटाने मोती खाल्ला जातो.

भावाबद्दल आत्ता काहीच लिहीत नाही. मलमल पास झाली की कळवा.

कोल्हापूरच्या एका मुलाने बिचकत विचारलंय की हे मुलींचं काम का? सोनार, तांबट, पटवेकरी ही नावं घेऊन बघ, डोळ्यांसमोर कोण येतं ते. आणि हवेत डुलणारी 'मोबाइल' शिल्पं करणारा अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर, त्याने सुमारे 1,800 दागिने केले, बहुतेक तारच ठोकून-वळवून, डाख जवळजवळ न लावता. आता पक्कड घे.

शेवटचं पत्र: पहिलं कानातलं कुणाला भेट द्यावं? कुणालाच नाही. आठ दिवस स्वतः घाला. घालून झोपा, कानाशी फोन धरा, डोक्यावरून स्वेटर काढा, लहान भाच्याला कडेवर घ्या. मावशीला मी त्यानंतर बरंच काही दिलं. ती अजूनही आधी साध्या सुती साडीवर घालून बघते.