जुनी रॅम काढू नका, आधी मोजा



शाळेतला संगणक रखडू लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, संगणकच बदला. दुसरा, जुनी रॅम काढून दोन्ही पट्ट्या नव्या व वेगवान घ्या, कारण वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र चालत नाहीत. माझ्या मते हे दोन्ही सल्ले बहुतेक वेळा शाळेला विनाकारण खर्चात पाडतात. कसे, ते पाहू.

समजा, संगणकात ४ जीबीची डीडीआर४-२४०० पट्टी आहे. म्हणजे तिच्या प्रत्येक तारेवरून सेकंदाला २४०० दशलक्ष वेळा माहिती जाऊ शकते. शेजारच्या रिकाम्या स्लॉटमध्ये आपण ४ जीबीची ३२०० ची पट्टी बसवली. आता वेग किती? पुष्कळ जण २८०० म्हणतील. पण नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा आणि पंचगंगा यांचे पाणी एकमेकांत मिसळते, तशी येथे सरासरी होत नाही. दाखला पालखीचा घ्या. खांदेकऱ्यांना एकाच पावलाने चालावे लागते. म्हणून सावकाश चालणाऱ्याचे पाऊल तेच सर्वांचे होते.

प्रत्येक पट्टीवर तिचा वेग नोंदवलेली एक छोटी चिप असते. संगणक सुरू होताना या नोंदी वाचतो आणि सर्वांना झेपेल असा वेग ठरवतो. येथे तो २४०० ठरेल. नुकसान काय झाले? संगणक पूर्वीही २४०० नेच चालत होता! फक्त नव्या पट्टीचा जादा वेग वापरात आला नाही.

आणि लाभ? रॅम भरली की संगणक उरलेली माहिती हार्डडिस्कवर ठेवू लागतो. रॅममधील माहिती सुमारे १०० नॅनोसेकंदांत मिळते, तर फिरत्या हार्डडिस्कवरची शोधायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. हा फरक एक लाख पटींचा आहे. त्यापुढे २४०० आणि ३२०० यांतील फरक किरकोळच म्हणायचा.

काही पथ्ये मात्र पाळावीत. डीडीआर३ आणि डीडीआर४ यांची जोडी जमत नाही. त्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात. शिवाय एकीला १.५ व्होल्ट लागतात, तर दुसरीला १.२. एकाच पिढीच्या पट्ट्यांचेही क्वचित जुळत नाही. म्हणून बदलून मिळण्याच्या बोलीवरच खरेदी करावी. पट्टी बसवताना वीजजोडणी काढावी आणि शिक्षक जवळ असावेत.

तेव्हा खरेदीआधी एक मोजमाप करा. नेहमीचे काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून किती रॅम वापरली जाते ते पाहा. ती जवळजवळ भरली असेल, तर जुनीच्या जोडीला नवी पट्टी आणा. निम्मी रिकामी असेल, तर कितीही वेगवान रॅम आणून फारसा उपयोग नाही. दुखणे दुसरीकडे आहे. वाचलेले पैसे प्रयोगशाळेला लागतीलच. दुकानदाराला विचारण्याआधी यंत्राला विचारावे, हीच विज्ञानाची रीत आहे.