मिठाच्या पाण्यातली टर्की आणि मलकापूरचा ‘परका’ नाताळ

१/
डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की समाजमाध्यमांवर एक चित्र फिरू लागते. मोठ्या तबकात तांबूस भाजलेली अख्खी टर्की, आणि खाली मजकूर : हे आपले नव्हे. पुढचा भाग कधी लिहिलेला असतो, कधी वाचणाऱ्याच्या मनावर सोडलेला असतो. पक्षी परका, म्हणून सण परका, म्हणून तो सण साजरा करणारी माणसेही परकी. पुणे-मुंबईप्रमाणेच मलकापूर, नांदुरा, खामगाव या वऱ्हाडी गावांतही ही साखळी पोहोचते. तिची एकेक कडी इतिहासाच्या उजेडात तपासण्यासाठी हा धागा.

२/
या मजकुराला एक उपहासाची फोडणीही असते : ‘त्यांना मसाले ठाऊक नाहीत, म्हणून बिचारे पक्षी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात.’ तेव्हा प्रारंभ मिठाच्या पाण्यापासूनच करणे बरे.

टर्की हा अवजड पक्षी. घरच्या भट्टीत मावेल असा म्हटला तरी ५-६ किलोंचा. त्याच्या छातीचे मांस पांढरे आणि चरबीहीन असते. आतले तापमान ७० अंशांच्या फार पुढे गेले की ते कापसासारखे कोरडे पडते. मांड्यांचे मांस मात्र ८० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय मऊ होत नाही. दोन्ही भाग एकाच धडाला, एकाच भट्टीत आणि एकाच वेळी. मांडी शिजेपर्यंत छाती वाळून जाते, ही खरी अडचण.

३/
तिच्यावरचा उपाय म्हणजे पाण्याच्या वजनाच्या ५-६ टक्के मीठ विरघळवून त्यात पक्षी रात्रभर बुडवून ठेवणे. पाणी ४ अंशांच्या खाली थंड हवे, नाहीतर मुरण्याऐवजी मांस नासते. मीठ हळूहळू आत शिरते, स्नायूंतील प्रथिनांची घट्ट वीण सैल करते आणि ती प्रथिने अधिक पाणी धरून ठेवू लागतात. भाजताना पाणी जातेच, पण मुळात जास्त धरलेले असल्याने शेवटी पुरेसे उरते. सकाळी पक्षी काढून निथळायचा, कातडी कोरडी करायची, लोणी लावून भाजायचा आणि भट्टीतून काढल्यावर अर्धा तास सुरी न लावता तसाच राहू द्यायचा. यात मसाल्यांच्या अज्ञानाचा प्रश्नच येत नाही. हे मांसाचे शास्त्र आहे.

४/
आणि मराठी स्वयंपाकघराला ते इतके अनोळखी आहे काय? खारातली मिरची, खारातले आवळे, मिठाच्या पाण्यात राखलेल्या कैऱ्या ज्या भाषेत आहेत, तिला ‘खारवणे’ आणि ‘मुरवणे’ ही क्रियापदे कोणी विलायतेहून आणून दिलेली नाहीत. कोंबडीला मीठ-हळद चोळून तासभर बाजूला ठेवणाऱ्या गृहिणीला प्रथिनांची नावे ठाऊक नसतील. मीठ आधी लावले की मांस मऊ राहते हे तिला पक्के ठाऊक असते. लोणच्याच्या खाराचा हेतू टिकवण्याचा आणि टर्कीच्या खाराचा हेतू ओलावा राखण्याचा, हा भेद मान्य. पण भेद हेतूचा आहे, संस्कृतीचा नव्हे.

राहिला अख्खे भाजण्याचा मुद्दा. मलकापूर ही खानदेशाच्या शिवेवरची वऱ्हाडी पेठ. पऱ्हाट्यांच्या जाळावर अख्खे वांगे करपेपर्यंत भाजणाऱ्या आणि निखाऱ्यांत रोडगे पुरणाऱ्या मुलखाला ‘भाजणे’ परके वाटावे, हा विनोदच. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य जातो तो मार्गशीर्षात, म्हणजे नाताळाच्या मागेपुढेच.

५/
गंमत अशी की, ज्या मीठपाण्यावर इतका राग, ती ‘त्यांची’ पुरातन परंपराही नाही. टर्की मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवण्याची पद्धत अमेरिकन घरांत सर्रास झाली ती गेल्या तीन-चार दशकांत. नाताळला टर्कीच हवी, हा आग्रहही फारसा जुना नाही. डिकन्सने १८४३ मध्ये ‘अ ख्रिसमस कॅरोल’ लिहिली, तेव्हा त्यातल्या गरीब क्रॅचिट कुटुंबाच्या ताटात हंस होता. टर्की ही धनिकाने धाडलेली चैनीची भेट होती. बायबलमध्ये या पक्ष्याचे नाव असण्याचा संभवच नाही, कारण तो ज्या खंडातला, त्या खंडाचा पत्ता त्या काळी पॅलेस्टाइनला नव्हता.

अमेरिकेतला टर्कीचा मोठा दिवस नाताळाचा नसून ‘थँक्सगिव्हिंग’चा. त्याला राष्ट्रीय सणाचे रूप आले ते यादवी युद्ध ऐन भरात असताना, अब्राहम लिंकनच्या १८६३ च्या घोषणेने. त्याच युद्धाने अमेरिकन कापसाची इंग्लंडकडची वाट अडवली, वऱ्हाडी कापसाचे भाव चढले, आणि मलकापूरवरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. म्हणजे ज्या गदारोळात टर्कीचा सण राष्ट्रीय झाला, त्याच गदारोळाने मलकापूरच्या कापूसबाजाराला सुगीचे दिवस दाखवले. ‘तिकडचे’ आणि ‘इकडचे’ यांच्या गाठी अशा पडलेल्या आहेत. त्या सोडवू पाहणाऱ्याच्या हाती फक्त धागे येतील.

६/
आता पहिली कडी : पक्षी परका. होय, परकाच. मेक्सिकोच्या लोकांनी तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळवला आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिशांनी युरोपात नेला. पण तो सगळ्यांनाच इतका परका होता की प्रत्येकाने त्याचे मूळ दुसऱ्याच्या माथी मारले. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचा ठरवले. तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात. फ्रेंच नावाचा अर्थ ‘हिंदचा’. डच नावात तर आपले कालिकत बसले आहे. पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात. हिंदुस्थानाने हा पक्षी आपला मानला नाही. अर्ध्या जगाने मात्र तो हिंदुस्थानचा म्हणूनच खाल्ला.

७/
आणि तो इथे इंग्रजांबरोबर आला, हा समजही खोटा. १६१२ मध्ये मुकर्रब खान गोव्याहून दुर्मीळ वस्तूंची खरेदी करून परतला, तेव्हा त्याने जहांगीर बादशहापुढे हा पक्षी ठेवला. बादशहाने आपल्या आठवणींत त्याचे वर्णन केले आहे : लांडोरीहून मोठा, मोराहून लहान, डोक्याचा आणि मानेचा रंग घटकेत पोवळ्यासारखा लाल, घटकेत कापसासारखा पांढरा, मग निळसर. बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रे काढवून घेतली नाहीत, ही उणीव जहांगीराने भरून काढली. मन्सूर या चित्रकाराने रंगवलेली टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ईस्ट इंडिया कंपनी त्या वेळी सुरतेत नुकते पाय टेकवू पाहत होती.

मोगलांच्या दक्षिणेतल्या कारभाराचे केंद्र तेव्हा बुऱ्हाणपूर होते. तिथून मलकापूर सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर. परंपरा सांगते की मलकापूर वसवले ते बुऱ्हाणपूरच्याच फारुकी घराण्याने, आणि नाव ठेवले राजकन्येवरून : मलिकेचे पूर, ते मलकापूर. ‘बाहेरचे’ हुडकायला निघालेल्यांनी निदान आपल्या गावाच्या पाटीपासून सुरुवात करायला हवी होती.

८/
‘पेरू’ हा शब्द मात्र मराठीने घेतला, पण पक्ष्यासाठी नव्हे. त्याच अमेरिकेतून, त्याच पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेल्या फळासाठी. फळ आपले झाले, पक्षी परका राहिला.

फळच कशाला? एकादशीचे ताट पाहावे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिथलाच. बटाटा तिथला, आणि त्याचे मराठी नावही पोर्तुगीजच. हिरवी मिरची मेक्सिकोच्या बाजूची. वरून घातलेले सैंधव परंपरेने पंजाबातल्या मीठडोंगरांतून येत असे. ते डोंगर आज पाकिस्तानात आहेत. खिचडीत अस्सल इथले म्हणावे असे तूप-जिरे शोधायला गेले, तर जिरेही पश्चिमेकडच्या मुलखांतून आलेले निघते. उरले तूप. शेगावच्या वाटेवर हीच खिचडी लाखो भाविकांनी खाल्ली असेल आणि त्यांची भक्ती तिळभर उणी झाली नाही. होण्याचे कारणही नव्हते.

९/
यावर एक रास्त आक्षेप संभवतो : साबुदाणा स्वीकारला गेला, टर्की नाही, म्हणजे समाजाने निवड केलीच ना? केली. पण कारणे धर्मापेक्षा कोंबड्यांच्या खुराड्यात अधिक सापडतात. टर्कीची पिल्ले नाजूक; कोंबड्यांना सहज पचणारा एक परजीवी रोग टर्कीचा कळपच्या कळप मारतो, त्यामुळे दोन्ही एका अंगणात नांदत नाहीत. शिवाय एवढा पक्षी चुलीवरच्या पातेल्यात मावत नाही आणि मराठी घरात भट्टी नव्हती. दिवाळीची नानकटाईसुद्धा ताटांत मांडून बेकरीत भाजून आणण्याची रीत होती, ती यामुळेच. आज इज्जतनगरची केंद्रीय पक्षी संशोधन संस्था टर्कीचे वाण विकसित करून शेतकऱ्यांना हा जोडधंदा सुचवते. सरकारी संस्थेला पक्षी परका वाटत नाही, हे जाता जाता नोंदवलेले बरे.

१०/
आता मिठाकडे पुन्हा, कारण या सगळ्या प्रकरणात खरोखर परके काही असेल तर ते मिठावरचे राज्य होते, आणि त्याबद्दल डिसेंबरचा मजकूर अवाक्षर काढत नाही.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. मलकापूरची नळगंगा याच पूर्णेला मिळते. या पट्ट्यात विहीर खणली की मिठाचे पाणीच लागते. ते आटवून मीठ करणे हा इथला जुना उद्योग होता.

त्याच काळात उत्तरेकडे इंग्रजांनी मिठाची चोरटी वाहतूक रोखण्यासाठी देशाच्या छातीवरून एक सीमाशुल्क-रेषा ओढली होती. सिंधूकाठापासून ओडिशापर्यंत सुमारे ४,००० किलोमीटर. तिच्या मोठ्या भागावर जिवंत काटेरी कुंपण वाढवले होते : बाभूळ, करवंद, निवडुंग. पहाऱ्याला बारा हजारांवर माणसे. या कुंपणाचे दक्षिण टोक बुऱ्हाणपूरला होते, म्हणजे मलकापूरच्या उशाशी. १८६७ ते १८७० या काळात त्याची व्यवस्था पाहणारा अधिकारी होता ॲलन ह्यूम, पुढे काँग्रेसच्या संस्थापकांत गणला गेलेला. (त्या कुंपणातला फड्या निवडुंग अमेरिकेहूनच आलेला. पण त्याच्या परकेपणावर कोणी मजकूर लिहीत नाही.)

११/
१८७९ मध्ये कुंपण रद्द झाले, कर राहिला. १८८२ च्या कायद्याने परवान्याविना मीठ करणे गुन्हा ठरले. १८८८ ते १९०३ या काळात कराचा दर मणामागे अडीच रुपये होता. मण म्हणजे सुमारे ३७ किलो. या दराने एका टर्कीला बुडवण्यासाठी सात लिटर पाण्यात जे चारशेवर ग्रॅम मीठ लागेल, त्यावर नुसता कर पाच पै. आणि पक्षी काढून घेतल्यावर ते पाणी ओतूनच द्यायचे. याच पंधरा वर्षांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन महादुष्काळ वऱ्हाडावर कोसळले. पायाखाली मीठ असलेल्या माणसाला बाजारातून करासहित मीठ विकत घ्यावे लागत होते. तेव्हा मिठाचे पाणी ‘बेचव’ म्हणून हसण्याआधी, ते कोणाला परवडत होते हा प्रश्न अधिक इतिहासाला धरून आहे.

६ एप्रिल १९३० ला गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. वऱ्हाडाला समुद्र नाही. वऱ्हाडातल्या सत्याग्रहींनी त्याच महिन्यात अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खाऱ्या विहिरींचे पाणी उपसले आणि ते आटवून कायदा मोडला. खारे पाणी ही वऱ्हाडच्या स्वातंत्र्यलढ्याची सामग्री होती.

१२/
शेवटची कडी : माणसे परकी. अमेरिकेच्या ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ने अकोला, खामगाव, बुलढाणा, मलकापूर या गावांत ठाणी उभारली, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. मिशनरी अमेरिकेचे होते, हे खरे. पण त्यांच्या प्रार्थनांना आलेली माणसे वऱ्हाडची होती, बोली वऱ्हाडी होती, आणि दुष्काळात अनाथ झालेली जी मुले खामगावच्या मिशनच्या आश्रयाला आली त्यांचे आईबाप याच मातीत गेले होते. त्यांच्या पणतवंडांना ‘तिकडे जा’ म्हणणाऱ्याने ‘तिकडे’ म्हणजे कुठे, ते सांगावे.

आणि त्यांच्या ताटात टर्की असते तरी का? मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या तळल्या जातात, शंकरपाळे होतात, चकली होते, रव्याचे लाडू होतात, आणि दुपारी वाटणाचा मटणाचा नाहीतर कोंबडीचा रस्सा शिजतो. शेजाऱ्यांकडे जाणारे ताट दिवाळीच्या फराळाहून ओळखू येणार नाही. चित्रातली टर्की महानगरांतल्या तारांकित हॉटेलांत मिळते, आणि तिथे ती मागवणारे बहुतेक लोक चर्चला जाणारे नसतात. ज्या ताटावरून शेजाऱ्याला परके ठरवले, ते ताट त्या शेजाऱ्याचे नव्हतेच.

१३/
खारपाणपट्ट्याचे पुढे काय झाले, ही विचारणा होईल म्हणून : मीठ करण्यावरची बंदी स्वातंत्र्याबरोबर उठली, पाणी खारेच राहिले. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतल्या अनेक गावांनी ते पाणी वर्षानुवर्षे प्यायले आहे आणि तिथे मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार जुनी आहे. गोड्या पाण्याच्या योजना आल्या. सगळीकडे त्या सारख्या पोहोचलेल्या नाहीत. यंदाच्या डिसेंबरातही तिथल्या बायका प्यायचे पाणी वेगळ्या हंड्यात भरतील आणि विहिरीचे धुण्याभांड्याला ठेवतील.